बी विंगचा पंप आणि हरवलेला शून्य

शून्य

कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. त्याच्या नादाला लागलेला माणूसही शेवटी तिथेच येतो, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

ए विंगमध्ये मी राहतो. ए विंगच्या गच्चीवर टाकी आहे. ती भरली की नाही हे बघायला पूर्वी प्रत्येक घरातून पाळीपाळीने कोणीतरी वर जायचं. ज्याची पाळी असे तो विसरत असे. मी मीटरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला, टाकीत खबर देणारा एक तरंगता गोळा सोडला आणि दोघांच्या मध्ये वायर टाकली. गोळा म्हणाला 'रिकामी', की पंप सुरू. म्हणाला 'भरली', की बंद. ए विंगने पाळ्यांचा तक्ता समारंभाने फाडला. अध्यक्षांनी माझा सत्कार केला. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि चक्क हसत होती.

एक

मेहनत वाचावी म्हणून हा परिच्छेद मी वरच्यावरूनच उतरवून घेतला आहे. फक्त 'ए' पुसून 'बी' केलं आहे.

बी विंगमध्ये मी राहतो. (राहत नाही. माझी ताई राहते.) बी विंगच्या गच्चीवर टाकी आहे. मी मीटरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला. (तोच. दुसरा आणायचा कुठून?) गोळा म्हणाला 'रिकामी', की पंप सुरू. (गोळा घसा फुटेस्तोवर म्हणत होता. ऐकणारा कोणी नव्हता.) बी विंगने पाळ्यांचा तक्ता समारंभाने फाडला. (हे मात्र खरं, आणि इथेच घात झाला, कारण त्यांनी तो माझं काम सुरू व्हायच्या आधीच फाडला.) अध्यक्षांनी माझा सत्कार केला. (नाही.) बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि चक्क हसत होती. (हसत होती. पण हसण्याहसण्यात फरक असतो.)

उतरवून घेतलेल्या गोष्टीचं हे असं होतं. सगळं जसंच्या तसं असतं, फक्त खरं नसतं. हे मला तेव्हा कळलं असतं तर बी विंगची भांडी वेळेवर घासली गेली असती.

दोन

मी विम्याच्या ऑफिसात लोकांचे दावे नामंजूर करतो. कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही, छंद आहे. आणि छंदी माणसाला घरात जो मान असतो तोच मलाही होता. बायको माझ्या वायरींना 'तुझी शेवई' म्हणत असे. अशात ए विंगचा पंप चालला आणि मला वाटायला लागलं की आपण उगाचच विम्यात आलो.

तेवढ्यात बी विंगलाही तसा आपोआप चालणारा पंप हवासा वाटला. अध्यक्षांचं म्हणणं, हे काम बाहेरच्या कंपनीला द्यावं. अध्यक्षांना बाहेरचं सगळंच आवडतं. मीटिंगमध्ये त्यांनी कंपनीचा रंगीत कागद उंच धरला आणि म्हणाले, "ए विंगचं ठीक आहे, तिथे एकदा जमून गेलं. पण दरवेळी नशीब साथ देत नाही."

मी उत्तर जुळवत होतो. माझी उत्तरं साधारण दुसऱ्या दिवशी जुळतात. पण ताई उठली.

ताईबद्दल थोडं सांगतो. ती बी विंगची कमिटीवरची सभासद, माझ्याहून वडील, आणि माझ्याबद्दल चार लोकांत बोलताना तिची सुरुवात ठरलेली: "हा? याला उजवी चप्पल कुठली आणि डावी कुठली हे मी शिकवलं." त्या दिवशी ती उठली तेव्हा मी चपलेची तयारी ठेवली होती. पण ती म्हणाली, "माझा भाऊ करेल."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मीसुद्धा इकडेतिकडे बघितलं, तिला दुसरा भाऊ आहे की काय म्हणून.

"आणि नाही जमलं तर?" अध्यक्ष म्हणाले.

"पुढच्या रविवारच्या सभेपर्यंत नाही जमलं, तर कंपनीला बोलवा. आणि मी कमिटीतून उठते. परत बसणार नाही."

अध्यक्षांनी हे लगेच लिहून घेतलं. ताई कमिटीतून उठावी ही त्यांची जुनी इच्छा होती. गेटसमोर लावलेली त्यांची गाडी हलवायला लावणारी ती एकटीच.

घरी येताना मी तिला म्हटलं, "ताई, एवढं कशाला बोललीस?"

"तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "आता तू बघ."

तीन

आता जरा तांत्रिक, पण भिऊ नका. मीही भ्यालो नव्हतो. तीच चूक झाली.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात खोटे कॉम्प्युटर राहू शकतात. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत. भाडेकरू असावेत तर असे. ए विंगचा पंप चालवणारा माझा कॉम्प्युटर असा खोटाच होता. बी विंगसाठी नवा बनवायचा म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा चांगला चाललेला आहे त्याचीच हुबेहूब प्रत काढावी, क्लोन करावा, हा विचार मला दाढी करताना सुचला आणि मी आरशात स्वतःकडे आदराने बघितलं.

प्रत निघाली. सुरू झाली. आणि मुकी निघाली. पडद्यावर एकच तक्रार: 'ईथ शून्य सापडत नाही.'

प्रत्येक कॉम्प्युटरला वायर जोडायला एक कार्ड असतं, खोट्याला खोटं. कॉम्प्युटर त्याला नाव ठेवतो. पहिलं कार्ड ईथ शून्य, दुसरं असेल तर ईथ एक. माझ्या सगळ्या सूचना शून्याच्या नावे होत्या: शून्या, गोळ्याचं ऐक, शून्या, पंपाला सांग. आणि प्रतीत शोधलं तर कार्ड एकच होतं, आणि त्याचं नाव होतं ईथ एक.

पहिलंच मूल, आणि नाव धाकटं! थोरला गेला कुठे?

मी सूचनेत शून्याच्या जागी एक लिहिलं. तर दुसऱ्या एका सूचनेत शून्य राहिला होता. तो बदलला, तर तिसरीकडे निघाला. शून्य किती ठिकाणी लिहिला आहे हे लिहिणाऱ्यालाच आठवत नव्हतं, आणि लिहिणारा मीच होतो. शेवटी ठरवलं, प्रतच बिघडलेली निघाली असणार; नवी काढू. पण एवढी मेहनत करून सुधारलेली प्रत टाकून कशी द्यायची? म्हणून प्रतीचीच प्रत काढली.

तिच्यातल्या कार्डाचं नाव: ईथ दोन.

चार

बातमी फुटली. बी विंगच्या नळाला पाणी नाही ही बातमी फुटायला वेळ लागत नाही. पाळ्यांचा तक्ता फाडलेला, त्यामुळे पंप हाताने कोणी चालू करायचा यावर एकमत नाही. ज्याला आठवेल त्याने चालू करायचा, आणि बंद करायचं मात्र कोणालाच आठवायचं नाही. कधी ठणठणाट, कधी जिन्यावरून धबधबा.

मग सल्ले. एक म्हणाले बंद करून चालू करा, दुसरे म्हणाले चालू करून बंद करा, तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या वायर उलटी बसली असेल, माझ्या मशीनचा पट्टा एकदा उलटा बसला होता तर सुई वरच जाईना, निवृत्त भूगोलाचे सर म्हणाले उंचीचा प्रश्न आहे, बी विंग थोडी उतारावर आहे, एक आजोबा म्हणाले आमच्या वेळी पाणी होतं पण कॉम्प्युटर नव्हता आणि याचा एकमेकांशी संबंध आहे की नाही ते तुम्हीच ठरवा, आमचे भावोजी म्हणजे ताईचे यजमान म्हणाले मी काही बोलत नाही, आणि हा त्यातला सगळ्यांत जिव्हारी लागणारा सल्ला होता.

"पण तू एकदा कोणाला विचारत का नाहीस?" बायको म्हणाली.

"कोणाला विचारू? ज्याला विचारीन तो म्हणणार, एवढंही येत नाही?"

"मग आत्ता काय म्हणतायत?"

मी वायर गुंडाळायला घेतली.

पाच

खरं संकट अध्यक्षांनी आणलं, तेही कौतुकाने.

ते सकाळी बाल्कनीत उभे होते. मी मीटरच्या खोलीतून बाहेर येत होतो, चेहरा पडलेला.

"काय, कुठवर आलं?" त्यांनी वरून विचारलं.

आता काय सांगणार? मी खरं तेच सांगितलं. "ईथ तीनपर्यंत आलंय."

"काल किती होतं?"

"दोन."

"म्हणजे वाढतंय!"

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला, आणि आदर दिसला की मला खरं बोलवत नाही. मी म्हटलं, "हो. हळूहळू."

त्या दुपारी नोटीस बोर्डावर कागद लागला: 'बी विंग पाणी योजना: टप्पा ३ पूर्ण. सभासदांनी सहकार्य करावे.'

झालं. लोक जिन्यात मला अडवून विचारायला लागले, "आज किती?" मी प्रतीची प्रत, तिची प्रत काढत राहिलो, आणि आकडा प्रामाणिकपणे चढत राहिला. चार. पाच. शिवणकामवाल्या बाई पाचाला म्हणाल्या, "आता अर्ध्यावर आलं." कशाच्या अर्ध्यावर, हे त्यांनाही माहीत नव्हतं. भूगोलाच्या सरांनी सांगून टाकलं की दहाला पाणी येतं. सहाला बी विंगमधल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या बादलीवर.

"ताई," मी तिला जिन्यात गाठून म्हटलं, "हा आकडा वाढतोय ना, तो चांगला नाहीये."

"मग किती पाहिजे?"

"शून्य."

ताईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लोकांना सात सांगितलंयस आणि तुला शून्य पाहिजे?"

"अजून सात नाही, सहा."

"रविवारी अध्यक्ष मला सगळ्यांसमोर उठवणार," ती म्हणाली. "मला उठायचं दुःख नाही रे. पण तो हसत हसत उठवेल ना, ते नको." आणि ती निघून गेली. तिने चपलेचा उल्लेखसुद्धा केला नाही. तिला इतकं गंभीर मी कधी बघितलं नव्हतं.

सहा

(या भागात मी सहाव्या प्रतीवर रात्रंदिवस काय काय प्रयोग केले ते लिहिलं होतं. ते वाचून बायको म्हणाली, "हे कोणाला कळणार?" म्हणून काढून टाकलं. त्यातून निष्पन्न झाली ती सातवी प्रत.)

सात

दात आवळून काम केल्याचा परिणाम असा झाला की शनिवारी माझ्या दाढेत भरलेलं सिमेंट निघून आलं. आमच्या समोरच्या दारात दातांचे डॉक्टर राहतात. संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा झालो. तोंड उघडं, तोंडात आरसा, डोळ्यांवर दिवा. डॉक्टरांना बोलायची हौस आहे आणि त्यांचा धंदा असा की समोरच्याला उत्तर देता येत नाही.

"सातावर आलात म्हणे! छान. तोंड मोठं करा." मग मागे उभ्या असलेल्या सहायक बाईंना ते दातांचे नंबर (पहिला आकडा जबड्याच्या कोपऱ्याचा, दुसरा दाताचा) सांगायला लागले, "खाली डावीकडे. पस्तीस ठीक. छत्तीस नाही. सदतीस, भरलेलं निघालंय."

"आं आं ऊं?" मी म्हटलं.

"बोलू नका."

"आं आं ऊं?" मी खुर्चीचे हात धरून उठायला लागलो. त्यांनी नाइलाजाने आरसा काढला.

"छत्तीस नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. मागे मीच काढला ना तुमचा? विसरलात?"

"मग आता त्या जागेनंतर पहिला येतो त्याला छत्तीस का नाही म्हणत?"

डॉक्टर दुखावले. "अहो, दात गेला म्हणून त्याचा नंबर जात नाही. कार्डावर ती जागा त्याचीच. शेजारच्याला कशी देणार?"

"आणि कार्डच फाडलं तर?"

"कशाला फाडाल? मी जपून ठेवलेलं आहे."

"पण समजा फाडलं. आणि मी नव्या माणसासारखा आलो."

"तर मग काय," डॉक्टर म्हणाले, "जे आहेत ते मोजायचे. पहिल्यापासून."

मी खुर्चीवरून उडी मारली. गळ्यात तो निळा कागद तसाच, दाढ तशीच उघडी. मागून डॉक्टर ओरडत होते, "अहो, खड्डा आहे तिथे, निदान गार काही पिऊ नका!"

कॉम्प्युटरसुद्धा डॉक्टरांसारखी नोंद ठेवतो! कधीतरी त्याने लिहून ठेवलं होतं: अमुक जन्मखूण असलेलं वायरचं कार्ड म्हणजे शून्य. मी प्रत काढली तेव्हा प्रतीला कार्ड नवं मिळालं, जन्मखूण नवी मिळाली, पण आठवण जुनी राहिली. शून्याची जागा त्या ए विंगमधल्या कार्डासाठी राखीव, जे इथे कधी येणारच नव्हतं. म्हणून नवा आला तो एक. त्याची प्रत काढली, एकाचीही जागा राखीव, आलेला दोन. मी सबंध आठवडा गैरहजर मंडळींना खुर्च्या मांडून देत होतो आणि हजर असलेल्याला दरवेळी एक रांग मागे बसवत होतो.

मीटरच्या खोलीकडे धावलो. कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे.

"आजपासून किल्ली ऑफिसच्या वेळेतच," अध्यक्ष दारातूनच म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्या गळ्यातल्या कागदाकडे होतं. "उद्या सभेच्या आधी देतो. आता कितीवर?"

"सात."

"वा!" ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

शून्य

रविवारी सभा पार्किंगमध्ये, दोन विंगांच्या मध्ये. अध्यक्षांचं टेबल ए विंगच्या भिंतीला लागून, सावलीला. शेजारी कंपनीचा माणूस, मांडीवर रंगीत कागद. बी विंग पुढे बसलेली, कपडे परवाचे. ताई पहिल्या रांगेत, पाठ ताठ.

किल्ली मिळाली ती सभा सुरू झाल्यावर. मी आत शिरलो, ती आठवणींची फाइल उघडली. ओळींवर ओळी. एक ए विंगच्या कार्डाची, बाकीच्या मीच जन्माला घालून मीच सोडून दिलेल्यांच्या. सगळ्या पुसल्या. सूचनांमध्ये जिथे जिथे मी हुशारी केली होती तिथे पुन्हा शून्य लिहिला. बंद करून चालू केलं. (हा सल्ला पहिल्याच गृहस्थांनी दिला होता. त्यांना हे कळू देऊ नका.)

पडद्यावर आलं: ईथ शून्य. चालू.

मी बाहेर आलो तेव्हा अध्यक्ष उभे राहून बोलत होते, "...सात टप्प्यांपर्यंत मजल मारली याचं कौतुकच आहे, पण पाणी काही..."

"शून्य!" मी ओरडलो. "शून्य आला!"

बी विंगमध्ये हाहाकार झाला. "सातावरून एकदम शून्य?" टाळ्यावाल्या बाई रडवेल्या झाल्या. अध्यक्षांनी ताईकडे बघितलं आणि हसू लागले; तेच हसू, ज्याची तिला भीती होती. "मग ताई," ते म्हणाले, "आपलं ठरलं होतं त्याप्रमाणे आता आपण..."

आणि पंपाचा आवाज आला. पाठोपाठ पाण्याचा. मोठा, भरदार, गच्चीवरून खाली येणारा.

"आलं!" बी विंग उठून उभी राहिली.

आलं होतं. फक्त ए विंगच्या गच्चीवरून. भरलेली टाकी भरून वाहत होती, आणि टाकीचा वाहता पाइप बरोबर त्या सावलीच्या भिंतीवरून खाली येत होता. पहिला लोट टेबलावर, दुसरा अध्यक्षांवर, तिसरा रंगीत कागदांवर.

माझ्या डोक्यात उजेड पडायला तेवढं पाणी पुरलं. कार्डाला नाव मिळालं, पण हाक जायची तो पत्ता? पत्ताही उतरवून घेतलेलाच होता! दोन्ही कॉम्प्युटर एकाच पत्त्यावर. बी विंगचा गोळा बिचारा 'रिकामी, रिकामी' म्हणून हाका मारत होता, त्या शून्य आल्यावर आता कुठे वायरीवर पोचल्या होत्या, आणि त्या पत्त्यावर ए विंगवाला ओ देत होता आणि स्वतःच्याच टाकीत पाणी चढवत होता. बी विंगची तहान आणि ए विंगला अंघोळ.

"चुकीच्या विंगला आलंय!" अध्यक्ष ओरडले.

"पण आलंय ना?" ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "मागच्या सभेत तुम्ही जमलं की नाही एवढंच लिहून घेतलंत. कुठल्या विंगला, ते लिहिलंच नाहीत."

मी खोलीत पळालो. पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला, बी विंगच्या गोळ्याला नवा पत्ता दिला. ए विंगचा पाइप थांबला. क्षणभर काहीच नाही. मग दुसरा पंप खाकरला, घसा साफ केला आणि चालू लागला. थोड्या वेळाने बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी किंचाळलं, "नळ! नळ!"

सभा तिथेच संपली, कारण अर्धी सभा अंघोळीला गेली. अध्यक्ष अंघोळ उरकूनच बसले होते. ताईला उठवण्याचा विषय त्यांच्या ओल्या कागदावर होता आणि तो आता वाचता येत नव्हता.

कंपनीचा माणूस कागद झटकत माझ्याजवळ आला. मी मान ताठ केली. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारू? तो शून्य परत कसा मिळवलात? आमचं एका ठिकाणी बारावर अडलंय."

*

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेलो. मला ऐकायचं होतं की सबंध सोसायटीत माझ्यावर विश्वास होता तो एकटीचा.

दार भावोजींनी उघडलं आणि "जपून" म्हणाले. जपून म्हणजे काय ते आत पाऊल टाकल्यावर कळलं. पॅसेजमध्ये बादल्या, काठोकाठ. सोफ्याखाली पातेली. जेवणाच्या टेबलावर दोन कुकर, सगळे डबे, सुरई, फुलदाणी. सगळं भरलेलं, वर झाकणं, झाकणांवर वर्तमानपत्रं. बाथरूमच्या टबाकडे मी बघितलं नाही. भावोजी घरात कडेकडेने, भिंतीला पाठ लावून चालत होते, आणि त्यांच्या चालण्यात सराव दिसत होता.

"हे कधी भरलंस?"

"मीटिंगमधून आले ना, तुझ्या नावाचा शब्द देऊन? त्याच दिवशी. लगेच." ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिथे नळ धो धो वाहत होता आणि त्याखाली धरायला तिच्याकडे रिकामं एकही भांडं नव्हतं. "मग जसं लागेल तसं वापरलं, आणि पंप चालला की परत भरलं."

"ताई!" मी एक बादली ओलांडून पुढे गेलो. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता?"

तिने नळ बंद केला. ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुन्हा उजव्या पायात डावी चप्पल घातली आहे.

"विश्वास होता म्हणून तर भरलं," ती म्हणाली. "नसता तर कंपनीवाल्याला नसतं का बोलावलं? आता उभा काय राहिलास, ती फुलदाणी उचल. चहाला तेवढंच पाणी होईल."